सातव्या गाण्यातली बाई

मास्तरांनी तिसरी खुर्ची आणली त्या दिवशी मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, असं मी म्हणणार नाही. ती पाल तिथे कायमच्या मुक्कामाला होती. त्या दिवशी ती जरा मोठ्याने बोलली, एवढंच.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीट यांची कापडं बदलून द्यायचं तिचं दुकान होतं. आधी ते आजोबांचं होतं. रस्त्याला लागून एक लांबट खोली, मागे काथ्याची पोती, भिंतीला रेक्झिनची भेंडोळी, आणि मधोमध दोन लाकडी घोडे. त्यांच्यावर कुणाची ना कुणाची खुर्ची पोट फाडून पडलेली असायची. वरच्या दोन खोल्यांत मावशी आणि मी राहायचो. मी चौकातल्या औषधांच्या दुकानात कामाला होते आणि दुपारी जेवायला घरी यायचे, त्यामुळे या गोष्टीतलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मावशीचा कुणावर विश्वास नव्हता. वीज-मीटर बघायला माणूस आला की ती आधी त्याचं ओळखपत्र मागायची, फोटो आणि चेहरा ताडून बघायची, आणि तरी तो जिना उतरून जाईपर्यंत त्याच्या मागे उभी राहायची. कुणी फुकट दिलेलं कॅलेंडर ती भिंतीला लावत नसे. "फुकट कुणी तारीखसुद्धा सांगत नाही," म्हणायची. माझ्या आईच्या मते हा तिचा जन्मजात गुण होता. पाळण्यात असतानाही ती म्हणे झुलवणाऱ्याचा हात बघून घ्यायची.

तर मास्तर. ते जवळच्या शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, आणि बोलण्याआधी घसा साफ करायची सवय. पहिल्यांदा ते हात असलेली एक खुर्ची घेऊन आले, दुसऱ्यांदा एक बिनहाताची. दोन्ही वेळा काम सांगून झाल्यावरही हलले नाहीत. मावशी बोलायला लागली की मान तिरकी करून ऐकत राहायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काम करताना तुम्ही गुणगुणता का हो?"

"तोंडात चुका असतात," मावशी म्हणाली. ते खरंच होतं. बारीक खिळ्यांना आमच्या धंद्यात चुका म्हणतात, आणि ठोकताना त्या ओठांत धरायच्या असतात. "गुणगुणले तर गिळेन."

मास्तर गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "या माणसाचं पाणी कुठेतरी मुरतंय. दुकानाच्या जागेवर कुणाचा तरी डोळा असणार, आणि याला पुढे घातलंय."

"तू त्यांना आवडत असशील," मी म्हटलं.

"या वयात मी ज्याला आवडेन तो तर जास्तच धोक्याचा."

तिसरी खुर्ची वाचायला बसायची होती, चांगली, जेमतेम वापरलेली. बैठकीवर लांबलचक फाट. मावशीने ती घोड्यावर घेतली, फाटेवरून बोट फिरवलं, आणि मग शांतपणे दुकानाचं दार लोटून घेतलं. मी तेव्हा जिन्यात ताट घेऊन बसले होते.

"मास्तर, कापड झिजून फाटलं की त्याच्या दशा निघतात," ती म्हणाली. "हे फाटलेलं नाही. हे ब्लेडने फाडलंय. आता एक तर ही खुर्ची तुमची नाही, नाहीतर तुमचं डोकं ठिकाणावर नाही. कुठलं ते सांगा."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी घसा साफ केला, तो दोनदा करावा लागला. "खुर्ची माझीच आहे," ते म्हणाले. "घरात फाटलेलं काही उरलंच नव्हतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. एक जुना अल्बम होता, 'परतीचं भाडं' नावाचा. चार मुलांच्या बँडने तो एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात केला होता. कंट्री संगीताचे संथ, ओढलेले सूर आणि त्यावर रॉकचा दणका, अशी ती सरमिसळ. आला तेव्हा त्याला कुत्र्यानेही विचारलं नाही. बँड मोडला, गाणारा पुढे वारलाही. पण ज्या थोड्यांनी ऐकला होता त्यांनी तो दुसऱ्यांना ऐकवला, त्यांनी तिसऱ्यांना, आणि आता या प्रकारच्या संगीतात तो पायाचा दगड मानला जातो.

"कोण मानतं?" मावशीने विचारलं.

"ऐकणारे."

"म्हणजे तुम्ही."

"आम्ही बरेच आहोत," मास्तर म्हणाले. "महिन्यातून एका रविवारी जमतो. तर त्यातल्या सातव्या गाण्यात एक बाई गाते. एकच गाणं. तिचं नाव वेष्टनावर नाही. ती कोण, यावर आमचं वर्षानुवर्षं डोकं चाललंय. मागे ड्रमवाल्याने कुठेतरी, नाव न घेता, सांगितलं की ती खुर्च्या-गाद्या करणाऱ्याची मुलगी होती. म्हणून मी या व्यवसायातल्या सगळ्या दुकानांत जात होतो. आमच्या घरातलं प्रत्येक आसन नवं झालंय. बायकोला आता माझाच संशय यायला लागलाय."

"येणारच. मग माझ्याकडे तीनदा का?"

"तुमचा आवाज ऐकला आणि वाटलं..."

"चुकीच्या दुकानात आलात," मावशी म्हणाली. तिने खुर्ची उचलून त्यांच्या हातात दिली. "आणि हे मी शिवणार नाही. स्वतःच्या हाताने फाडलेलं स्वतःच शिवा."

ते गेल्यावर तिने हातोडी उचलली, एक चूक ठोकली, ती वाकडी गेली. जेवून वर गेल्यावर तिने आपणहूनच विषय काढला, आणि मला पहिल्यांदा कळलं की सातव्या गाण्यातली बाई माझी मावशी आहे.

तिने सांगितलेली हकिगत थोडक्यात अशी होती. तेव्हा ती विशीची होती. गाणाऱ्याला सगळे लांब्या म्हणत. तो आजोबांच्या दुकानात गिटारच्या पेटीचं आतलं मखमल बदलायला आला होता, आणि मग कारण नसतानाही येत राहिला. दोघांचं जमलं. त्याने तिला बर्फाच्या कारखान्यात नेलं, तिने एक गाणं म्हटलं. नंतर अल्बम आला तर त्यावर सगळ्यांची नावं, ज्याने वायरी गुंडाळल्या त्याचंसुद्धा, आणि तिचं नाही. त्याच सुमारास चौघं कार्यक्रम करत फिरायला निघाले, तेही तिला न घेता.

"गोड बोलून गळा कापला," ती म्हणाली. "तेव्हा मी ठरवलं, पुन्हा कुणाला मान पुढे करायची नाही."

"आणि गाणं?"

"कसलं गाणं. वास यायचा तिथे."

दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना मी कानात इअरफोन घालून तो अल्बम ऐकला. खरं सांगायचं तर पहिली तीन गाणी मला कळलीच नाहीत. गिटारी इतक्या खरखरत होत्या की मला वाटलं फोनच बिघडलाय. चौथ्यापासून मात्र हात आपोआप गोळ्यांची पाकिटं हळू ठेवायला लागले. गाणी साधीच होती. बंद पडलेली गिरणी, मालट्रक चालवणारा बाप, घर सोडलेल्या माणसाला परतीचे पैसे कुणी द्यायचे, असलं काहीबाही. मागे कुणीतरी आडव्या ठेवलेल्या गिटारवर धातूची नळी घासत होतं, आणि तो आवाज दूरच्या दाराच्या बिजागरीसारखा लांबत जायचा. मग सातवं गाणं आलं. लांब्या एक ओळ म्हणतो, आणि ती पुरी व्हायच्या आत, जराशा घाईने, दुसरा आवाज त्याच्या शब्दांवर पाय देऊन आत येतो. तो आवाज मला ओळखू आला नाही. श्वास मात्र ओळखू आला, कारण दाभण ओढताना मावशी तसाच श्वास घेते.

फोनवर गाण्याखाली ऐकणाऱ्यांनी लिहिलेलं होतं, ढीगभर. एकाने लिहिलं होतं की बापाशी अबोला होता तेव्हा तो हे गाणं गाडीत लावायचा, पुढे बाप बोलायला लागला पण गाणं सुटलं नाही. मी ते मावशीला वाचून दाखवलं.

"एकाच माणसाने दहा नावांनी लिहिलं असणार," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पुढचं वाच."

मास्तर पुन्हा आले ते खुर्चीशिवाय. मावशीनेच त्यांना आत बोलावलं. "तुमच्या त्या मंडळात मी येणार आहे," तिने सांगितलं. "गाण्यासाठी नाही. तुमचा धंदा काय आहे तो मला बघायचाय. आणि मी कोण हे तिथे कुणाला सांगायचं नाही. मी हिची मावशी, बस."

"धंदा काही नाहीये," मास्तर म्हणाले. "आम्हाला कुणाकडून काहीच नको असतं."

"ज्याला काहीच नको असतं तोच माणूस शेवटी महाग पडतो."

रविवारी दुपारी आम्ही शाळेत गेलो. मंडळ भूगोलाच्या वर्गात भरायचं. नकाशे गुंडाळून कोपऱ्यात उभे केले होते, टेबलावर रेकॉर्ड प्लेयर आणि दोन स्पीकर, आणि मुलांच्या बुटक्या बाकांवर दहा-बारा मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मावशीने आधी दार कुठून बंद होतं ते पाहिलं, मग पिशवी मांडीवर घेऊन अगदी मागे बसली. चहा आला. तिने माझा कप हुंगला, मग तिचा, आणि दोन्ही तसेच ठेवून दिले.

रिवाज असा होता की एक बाजू पुरी ऐकायची, मध्ये कुणी बोलायचं नाही, मग ज्याला वाटेल त्याने बोलायचं. एक निवृत्त रुग्णवाहिका-चालक म्हणाला की रुग्णाला पोहोचवून रिकामी गाडी परत आणताना तो तिसरं गाणं लावायचा. "ते गाणं घाई करत नाही. दिवसभर मला सगळे घाई करायला लावायचे," तो म्हणाला. एक जोडपं होतं. दोघांना अल्बममधलं वेगवेगळं गाणं सगळ्यात आवडायचं, आणि त्यावरून त्यांचं लग्नाआधीपासून चाललेलं भांडण अजून मिटलं नव्हतं.

"पढवलेत सगळे," मावशी माझ्या कानाशी कुजबुजली. "इतकी माणसं एका गोष्टीबद्दल चांगलं बोलत नाहीत."

रेकॉर्ड उलटली. सातवं गाणं लागलं तेव्हा ती समोरच्या फळ्याकडे बघत होती. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

त्यानंतर बोलणं सुरू झालं आणि ते नेमकं सातव्यावरच अडकलं. एका गृहस्थांचं म्हणणं होतं की ती बाई गाताना रडते आहे, आवाज ओला आहे, एवढं दुःख नाटकाने आणता येत नाही.

"अमोनिया," मावशी पुटपुटली. "कारखान्यातला. सगळ्यांच्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या."

दुसरे म्हणाले की ती जी आधी सुरुवात करते, ओळ संपायच्या आत, ती तर कमाल आहे. भल्या भल्या गायकांना ती जागा सुचली नसती. माझ्या शेजारी मावशीचे हात पिशवीवर आवळले गेले. तिला वाटलं हे लोक तिला ओळखतात आणि तोंडावर तिची थट्टा करताहेत. "चूक आहे ती," ती दातांत म्हणाली. "सरळ सरळ चूक. चल उठ." आणि आम्ही उठतच होतो तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "मला नाही आवडत ती."

सगळे तिच्याकडे वळले. रुंद खांद्यांची, आखूड केसांची बाई होती. नंतर कळलं की ती बांधकामावर क्रेन चालवायची. सगळे तिला क्रेनवालीच म्हणत.

"दर वेळेला तू हेच म्हणतेस," मास्तर म्हणाले.

"दर वेळेला तुम्ही तिची आरती करता म्हणून. बाकीचा अल्बम माझा जीव की प्राण आहे. पण ते गाणं मी घरी पुढे ढकलते."

मावशी पुन्हा बसली. "का बरं?" तिने विचारलं. त्या दुपारी ती पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली होती. मास्तरांनी नकाशांकडे तोंड फिरवलं.

"कारण तिला त्याचा भरवसा नाही," क्रेनवाली म्हणाली. "तो ओळ पुरी करेल असं तिला वाटतच नाही. म्हणून मध्येच घुसते. मी वर केबिनमध्ये असते तेव्हा खालचा माणूस खुणेने सांगतो आणि मी वजन उचलते. तो हात खाली करायच्या आधीच मी दांडा ओढला तर कुणाचा तरी जीव जाईल. तशी ती गाते. प्रेमाचं गाणं आहे म्हणतात. मला तर ते दार धरून उभ्या राहिलेल्या बाईसारखं वाटतं."

वर्गात कुणीतरी विरोध करायला लागलं. मावशीने चहाचा कप उचलला आणि थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

घरी येताना तिने दोनदा थांबून मागे कुणी येतंय का ते बघितलं. आमच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "ती क्रेनवाली. तिला मास्तरांनी मुद्दाम बसवली नसेल ना? मला बोलतं करायला?"

"मावशी, ती तुला नावं ठेवत होती."

"म्हणूनच विचारतेय. बाकीच्यांचं सोड. हिला कसं कळलं?"

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा मावशी मागे बसली नाही, क्रेनवालीच्या शेजारी बसली. तिला उलटसुलट प्रश्न विचारून तिने तपासून घेतलं. कुठे काम, घरी कोण, मास्तरांना कधीपासून ओळखतेस. क्रेनवालीने सगळ्याची उत्तरं दिली आणि मग विचारलं, "तुम्ही पोलिसात होता का?" त्यावर मावशी हसली. ती हसली की आधी खोकल्यासारखा आवाज येतो, म्हणून लोकांना पटकन कळत नाही.

त्यांची मैत्री कशी वाढली हे मला नीट सांगता येणार नाही. दोघींमध्ये कौतुकाचा एक शब्द नसायचा. केबिनची सीट पाठीला बोचते असं क्रेनवाली म्हणाली, तर मावशीने तिला सीट सोडवून आणायला लावली, आतला कुजका स्पंज बघून नाक मुरडलं, आणि नवी बैठक करून दिली. क्रेनवालीने ती वापरून सांगितलं की उजवीकडे जरा उंच झालीये. मावशीने काही न बोलता उजवीकडून काढून दिलं. अहो-जाहो कधी गेलं आणि अगं-तुगं कधी आलं, त्यांनाही कळलं नसावं. सातवं गाणं लागलं की क्रेनवाली मुद्दाम बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायची, आणि मावशीही तिच्यासोबत जायची. आत मास्तर कासावीस होत असत, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

हे असंच चाललं असतं. पण मंडळाने ड्रमवाल्याला पाहुणा म्हणून बोलावलं.

मास्तरांनी आम्हाला आधी सांगितलं होतं. मावशी म्हणाली, "मी कशाला लपू? त्याने लाजावं." तरी त्या दिवशी तिने डोक्याला रुमाल बांधला होता. ड्रमवाल्याला पूर्वी ठोक्या म्हणत. आता त्याचा टायरांना नवा थर चढवायचा कारखाना होता, एका कानाने ऐकू येत नव्हतं, आणि तो प्रत्येकाकडे चांगला कान फिरवून बोलायचा. ओळखी करून देत मास्तर त्याला बाकांमधून नेत होते. आमच्यापाशी आल्यावर तो थांबला.

"तू इथे?" तो म्हणाला. "मग यांना मला कशाला बोलवायचं होतं? यांना सगळं तूच सांगितलं असशील की."

कुणाला काही उलगडेना. मग रुग्णवाहिकावाल्याला उलगडलं, आणि तो हळूहळू उभा राहिला. एकेक करत सगळेच उभे राहिले. फक्त क्रेनवाली बसून होती.

"म्हणजे मी इतके दिवस तुझ्या तोंडावर..." ती म्हणाली.

"तू एकटीच धड बोललीस," मावशी म्हणाली. मग ठोक्याकडे वळली. "मी काही सांगितलेलं नाही. आता तू सांग. सगळ्यांची नावं छापलीत, वायरी गुंडाळणाऱ्याचंही. माझं का नाही?"

ठोक्याने कान पुढे केला. तिने प्रश्न पुन्हा विचारला, आणखी मोठ्याने. भूगोलाच्या वर्गात ते वाक्य दोनदा ऐकायला सगळ्यांनाच जड गेलं.

"तूच नको म्हणालीस," तो म्हणाला.

"खोटं."

"अगं, तूच. कारखान्याच्या दारात. म्हणालीस, माझं नाव कुठेही दिसता कामा नये, बाबांना कळलं तर मला दुकानात पाऊल ठेवू देणार नाहीत. लांब्या दोन दिवस तुझ्या विनवण्या करत होता. आणि फिरायला निघालो तेव्हा तुला विचारलं होतं की. तू म्हणालीस, तुम्ही मला अर्ध्या वाटेत सोडून द्याल, त्यापेक्षा मी येतच नाही."

मावशीच्या गळ्याशी लाल चट्टे उठले. "मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं," ती म्हणाली.

"येतं," ठोक्या म्हणाला. त्याला राग आला नव्हता, तो नुसता थकलेला दिसत होता. "पण मग हेही ऐक. ते गाणं आपण दोनदा गायलो होतो. दुसऱ्यांदा तू बरोबर जागेवर आली होतीस. आम्ही तिघं म्हणालो दुसरं घेऊ. लांब्याने ऐकलं नाही. म्हणाला, पहिल्यात ती आहे, दुसऱ्यात कुणीही आहे."

मावशी पिशवी घेऊन बाहेर पडली. मी मागून गेले. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "मंडळाने पढवून आणलाय त्याला," पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

घरी आल्यावर तिने माझ्या आईला फोन लावला. बहिणीला ती विचारणार नाही असं मला वाटलं होतं, कारण त्या गाण्याचा विषय दोघींत कधी निघालेला मला आठवत नव्हता. फोन स्पीकरवर होता. मावशीने आडवळण न घेता विचारलं, "मी तेव्हा गायले होते ते तुला माहीत होतं?"

"होतं," आई म्हणाली. "तूच सांगितलंस. म्हणालीस, घाबरू नकोस ताई, नाव घालू दिलं नाही, बाबांना कधीच कळणार नाही. आणि मग अल्बम आला त्या दिवशी नाव नाही म्हणून माडीवर बसून रडलीस. मी म्हटलं, आता हिला काय सांगायचं."

"मग आजपर्यंत का बोलली नाहीस?"

"तू ज्या तऱ्हेने सांगायचीस ना, ते ऐकून मलाच वाटायला लागलं की माझीच चूक होत असेल."

मावशीने फोन ठेवला. पुढचा सगळा दिवस तिला आईचाही संशय होता. ठोक्या आणि आई एकमेकांना आयुष्यात भेटले नव्हते, पण तिने तेही जुळवून बघितलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, एका सोफ्याची नवार ताणून बांधताना, ती अचानक म्हणाली, "मी म्हणाले असेन."

मी हातातलं काम थांबवलं.

"माझ्यासारखंच आहे ते," ती म्हणाली. "आठवत काहीच नाही. ठोक्या सांगतो तो दाराचा प्रसंग डोळ्यांपुढे येतच नाही. पण वाक्य माझं आहे. अर्ध्या वाटेत सोडून द्याल. असं दुसरं कोण म्हणेल." तिने नवारीची गाठ मारली, खेचून पाहिली. "इतकी वर्षं मी जगावर नजर ठेवून होते. स्वतःवर ठेवायचं राहूनच गेलं."

एवढं बोलून ती बदलली आणि सगळ्यांवर विश्वास टाकायला लागली, असं काही झालं नाही. लांब्याचं ते पहिल्यात-ती-आहे हे वाक्य तिने कधी धड मान्य केलं नाही. ठोक्याने ते आयत्या वेळी रचलं असेल, तो पूर्वीही फेकायचा, असं ती म्हणायची. पण मला दिसत होतं की ती त्या वाक्याभोवती घुटमळते आहे. एकदा मी दुकानातून परत आले तर वरच्या खोलीत सातवं गाणं चालू होतं. तिने ते अर्ध्यात थांबवलं, पुन्हा मागे नेलं, तीच घाईची जागा परत ऐकली. मी जिन्यातच थांबले. मला बघून म्हणाली, "दोनदा गायलो होतो हे खरं असावं. यात माझा घसा कोरडा आहे. पहिलंच असणार हे."

ती मंडळात परत गेली, पण एक महिना चुकवून. पहिल्यांदा सगळे तिच्याशी देवघरात वावरावं तसे वागायला लागले, कुणी चहा पुढे करतंय, कुणी खुर्ची. तिने ते फार वेळ चालू दिलं नाही. रडण्याची गोष्ट काढणाऱ्या गृहस्थांना तिने अमोनियाचं स्पष्ट सांगून टाकलं. ते बिचारे खट्टू झाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तरी मला ते रडणंच वाटणार." मावशीने मान हलवली. "वाटू द्या," ती म्हणाली, "माझा कुठे पक्का भरवसा आहे आता."

क्रेनवाली तिच्याशी दोन रविवार बोलली नाही. फसवणूक झाली असं तिला वाटत होतं, आणि तिचं चुकत नव्हतं. मावशीने माफी मागितली नाही, तो तिचा पिंड नव्हता. ती बांधकामाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली, आत सोडेनात तर तिथेच रस्त्यावर उभी राहिली, क्रेनवाली पाळी संपवून खाली येईपर्यंत. दोघींत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मावशीने एवढंच सांगितलं की क्रेनवाली म्हणाली, मला आता ते गाणं आणखीनच आवडत नाही. आणि मग दोघी बसने एकत्रच परत आल्या.

पुढच्या वर्षी अल्बमची नवी आवृत्ती निघाली. काढणाऱ्यांनी मास्तरांमार्फत विचारलं, नाव घालायचं का. मावशीने उत्तर द्यायला बराच वेळ लावला. आजोबा जाऊन वर्षं झाली होती, दुकान तिच्या नावावर होतं, भ्यायचं असं कुणी उरलं नव्हतं. तरी ती रोज नवी शंका काढायची. नाव घातलं की लोक दारात येतील. आले की आत येतील. आत आले की बसतील. "बसायला आपल्याकडे खुर्च्यांची कमी नाही," मी म्हटलं. शेवटी तिने सांगितलं, घाला, पण छापण्याआधी मला दाखवा. त्यांनी दाखवलं. तिने भिंगाखाली धरून पाहिलं आणि वायरी गुंडाळणाऱ्याच्या नावात एक काना राहिलाय हे काढून दिलं.

लोक आले, पण तिला भीती होती तसे झुंडीने नाही. कधीतरी एखादा. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, नर्सचं शिक्षण घेणारी, छातीशी रेकॉर्ड धरून. रात्रपाळीनंतर वसतिगृहावर जाताना ती सातवं गाणं ऐकते, म्हणाली. तिला सही हवी होती. मावशीने हात फडक्याला पुसले, रेकॉर्ड उलटसुलट करून पाहिली.

"कशाला हवी सही? कुठे लावणार?"

"कुठे नाही. ठेवणार."

"कुणाला देणार नाहीस?"

"नाही," मुलगी म्हणाली.

मावशीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पेन घेतलं आणि वेष्टनाच्या अगदी वरच्या कडेला, काठ सोडून जेमतेम केसभर खाली, सही केली. मुलगी गेल्यावर मी विचारलं, इतकी जागा मोकळी होती, वर काठाला कशाला कोंबलीस?

"सहीच्या वर कुणाला काही लिहिता येऊ नये म्हणून," ती म्हणाली, आणि ओठांत चुका धरून पुन्हा कामाला लागली.